पाहणाऱ्याने उभे राहायचे कुठे?

एचिंग करणारा चित्रकार जाक कालो याची 'युद्धाच्या यातना आणि आपत्ती' ही मालिका १६३३ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातले सर्वांत गाजलेले चित्र रुंदीला पुरते वीतभरही नाही आणि उंचीला जेमतेम चार बोटे आहे. मधोमध एक मोठे झाड, त्याच्या फांद्यांना रांगेने लटकवलेली माणसे, शिडीवर चढून पुढच्या माणसाला धीर देणारा पाद्री, झाडाखाली नगाऱ्यावर फासे टाकणारे दोघे, आणि दोन्ही अंगांना भाल्यांची शिस्तबद्ध दाटी. हे सगळे दिसायला कागद हातात घेऊन डोळ्यांजवळ न्यावा लागतो. तरीही आपण त्या प्रसंगाच्या जवळ जात नाही. कालोने आपल्याला एखाद्या उंचवट्यावर उभे केले आहे. जत्रेतली गर्दी पाहावी तसे आपण तिथून सगळे पाहतो, प्रेते मोजू शकतो आणि क्षितिजापर्यंत नजर फिरवून परत येऊ शकतो. युद्धाची भीषणता सांगणाऱ्या मुद्राचित्रांचा विचार करताना मला हा उंचवटा फार महत्त्वाचा वाटतो. रक्त किती दाखवले, प्रेते किती दाखवली, यावर भीषणता ठरत नाही. पाहणाऱ्याला उभे राहायला जागा कुठे दिली, आणि पुढे कोणत्या चित्रकाराने ती काढून घेतली, यावर ती ठरते. हा निर्णय चित्ररचनेइतकाच तंत्राचाही असतो. तांब्याचा पत्रा, आम्ल, राळ, लाकूड, कागदाचा लगदा ही केवळ साधने नाहीत. त्यांतले प्रत्येक साधन पाहणारा आणि मेलेला माणूस यांच्यातले अंतर वेगळे ठेवते.

कालोपुरते बोलायचे तर हे अंतर त्याने तंत्राने कमावलेले होते. त्याच्या आधीचे एचिंग करणारे, म्हणजे पत्र्यावरची रेषा आम्लाने खोदणारे, पत्र्यावर मऊ मेणाचा थर देत. तो थर सुटून निघे आणि आम्ल नको तिथे शिरे. कालोने वाद्ये बनवणारे कारागीर वापरत तसे कडक रोगण पत्र्यावर चढवले आणि तिरक्या टोकाच्या सुईने रेषा ओढली. ती सुई फिरवली की रेषा मधे जाड, टोकाला बारीक होते. वर त्याने पत्रा टप्प्याटप्प्याने आम्लात बुडवला. दूरच्या आकृतींच्या रेषा थोडा वेळ खाऊ द्यायच्या, त्या झाकायच्या, आणि जवळच्या आकृती पुन्हा आम्लात सोडायच्या. त्यामुळे पुढचे काळे, मागचे फिके, आणि मधे हवा भरलेले मैलभर अंतर एवढ्याशा पत्र्यावर मावले. फ्लॉरेन्सला मेदिची घराण्याच्या सोहळ्यांची चित्रे काढताना हीच किमया त्याच्या कामी आली होती. पुढे त्याचा स्वतःचा लॉरेन प्रांत फ्रेंच सैन्याने व्यापला तेव्हा तोच रंगमंच त्याने लूटमारीसाठी आणि फाशीसाठी वापरला. फासावर चढलेले हे लुटारू सैनिक आहेत. गुन्हा झाला आणि शिक्षाही झाली, एवढी व्यवस्था त्या चित्रात शिल्लक आहे. युद्ध ही आपत्ती असली तरी तिला चौकट आहे, असे कालोला वाटत होते. निदान त्याची रचना तरी तसे सांगते.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. तंत्राला एवढे महत्त्व दिले तर तेच तंत्र युद्धाची आरती ओवाळायलाही वापरले गेले, त्याचे काय? कालोच्याच लॉरेनमधल्या एपिनाल गावात पेल्रँच्या छापखान्याने नेपोलियनच्या लढायांचे रंगीत वुडकट घरोघरी पोहोचवले. जपानमध्ये १८९४-९५ च्या चीन-जपान युद्धात तीन-तीन कागद जोडून काढलेली काष्ठमुद्रित चित्रे बाजारात आली. कोबायाशी कियोचिकासारख्या निष्णात चित्रकाराने त्यांत बर्फ, रात्र आणि तोफांचा उजेड असा रंगवला की मन हरखून जावे. कोरणी तीच, लाकूडही तेच. तेव्हा लाकडात किंवा आम्लात युद्धविरोध भरलेला नाही, हे मान्यच केले पाहिजे. पण ही गौरवचित्रे नीट पाहिली तर मूळ मुद्दा आणखी पक्का होतो. त्या सगळ्यांत पाहणाऱ्याला सुरक्षित आणि उंच जागा दिलेली आहे. सेनापतीच्या मागे, टेकडीवर, बर्फाच्या अलीकडे तो उभा असतो. शौर्याला प्रेक्षक लागतो आणि प्रेक्षकाला बसायला जागा लागते. भीषणता सांगणाऱ्याला ती जागाच मोडावी लागते, आणि ती कशी मोडायची हे पहिल्यांदा पूर्णपणे उमगले ते स्पॅनिश चित्रकार गोयाला.

नेपोलियनचे सैन्य १८०८ मध्ये स्पेनमध्ये शिरले. गोया तेव्हा साठी ओलांडलेला होता आणि पूर्ण बहिरा झालेला होता. 'युद्धाचे अनर्थ' या त्याच्या मालिकेचे ८२ पत्रे साधारण १८१० ते १८२० या काळात झाले. त्यांत लढाई आहे, १८११-१२ चा माद्रिदचा दुष्काळ आहे, आणि युद्ध संपल्यावर परतलेल्या राजाच्या दडपशाहीवरची रूपके आहेत. काही पत्रे हिणकस तांब्याचे होते. चार चित्रांसाठी तर त्याने आपल्याच दोन मोठ्या निसर्गचित्रांचे पत्रे मधोमध कापून त्यांच्या पाठीवर काम केले. हे टंचाईमुळे झाले, त्यात प्रतीक शोधण्याचे कारण नाही. तरी या मालिकेतून निसर्गचित्र खरोखरच नाहीसे झाले आहे, हे पाहणाऱ्याला पानागणिक जाणवते. कालोचे क्षितिज इथे नाही. मागे अ‍ॅक्वाटिंटची करडी पोकळी आहे. पत्र्यावर राळेची पूड पसरून ती तापवायची, म्हणजे तिचे कण चिकटतात. मग आम्ल त्या कणांच्या मधल्या फटींतून तांबे खाते आणि कागदावर दाणेदार सावली उमटते. तिला ना रेषा, ना कड. त्या सावलीत झाड, टेकडी, आभाळ यांची ओळख राहत नाही, आणि ज्यावर आपण उभे राहू शकू अशी जमीनही राहत नाही.

'पाहवत नाही' या नावाचे २६ क्रमांकाचे चित्र घ्या. गुहेसारख्या अंधारात काही बायामाणसे दाटीवाटीने खाली पडली आहेत, कुणी गुडघ्यावर आहे, कुणी हात जोडतो आहे. सैनिक कुठेच दिसत नाहीत. उजव्या कडेतून फक्त संगिनींची टोके आत आली आहेत. मारणारे चौकटीबाहेर ठेवल्यामुळे चौकटीबाहेर असलेल्या आपली जागा त्यांच्या शेजारची ठरते. ३६ क्रमांकाच्या चित्रात कालोच्या झाडाचे उत्तर आहे असे मला वाटते. गोयाने कालो डोळ्यांसमोर ठेवला होता की नाही, हा इथे प्रश्न नाही. दोन शतकांच्या अंतरावर दोघांनी एकच प्रसंग कसा मांडला, ते पाहायचे आहे. गोयाच्या चित्रात आपल्यापुढे एकच माणूस लटकतो आहे. मागे आणखी काही आहेत, पण ते सावलीत. समोर एक सैनिक कोपर टेकून, हनुवटी हातावर ठेवून, निवांतपणे त्या प्रेताकडे बघतो आहे. बघण्याची क्रियाच चित्रात आणून बसवली आहे. आपण त्या सैनिकाला पाहतो आणि आपण नेमके तेच करतो आहोत हे कळते. 'युद्धाचा संहार' या ३० क्रमांकाच्या चित्रात घर कोसळते आहे. वर एक खुर्ची अधांतरी आहे, खाली देह उलटेपालटे पडले आहेत, त्यांत एक मूल आहे. वर-खाली हा भेदच उरलेला नाही. तोफगोळ्यांनी घरात बसल्या जागी मेलेल्या सामान्य लोकांचे इतके नेमके चित्र त्याआधी कुणी काढल्याचे मला ठाऊक नाही. आणि गोया आपल्याला एका पक्षाच्या मागेही लपू देत नाही. सुरुवातीच्याच एका पत्र्यावर कुऱ्हाड उगारलेला माणूस स्पॅनिश आहे आणि त्याच्या पायाशी पडलेला सैनिक फ्रेंच.

या चित्रांविरुद्ध सर्वांत कठीण आक्षेप त्यांच्या सौंदर्याचा आहे. छिन्न देहांवरची ती करडी छटा, तो कोरा पांढरा कागद, ती सुटी रेषा हे सगळे इतके देखणे आहे की दुःख भिंतीवर टांगण्याजोगे होते. हा आरोप मला टाळावासा वाटत नाही. पण त्याचे उत्तर खुद्द छपाईच्या इतिहासात आहे. गोया १८२८ मध्ये वारला तेव्हा ही मालिका प्रसिद्ध झालेली नव्हती. त्याने आपल्या हयातीत थोडे ठसे काढले होते, आणि त्यांचा एक संच मित्र सेआन बेर्मूदेझला दिला होता. त्या ठशांत पत्रा स्वच्छ पुसलेला आहे, त्यामुळे पांढरे खरोखर पांढरे आहे आणि काळ्याशी त्याची झटापट होते. १८६३ मध्ये सॅन फर्नांडो अकादमीने ८० पत्रे छापले तेव्हा त्या काळच्या आवडीप्रमाणे पत्र्यावर शाईचा हलका थर राहू दिला. सगळे चित्र एका उबदार धुक्यात गेले, आकृती एकमेकींत मुरल्या, प्रेते मऊ झाली. पत्रा तोच आणि रेघही तीच, पण कापडाने शाई पुसण्याच्या एका पद्धतीने यातनेचे वातावरण करून टाकले. म्हणजे सौंदर्य आणि भीषणता यांच्यातला झगडा विषयात नसतो. तो प्रत्येक ठशाच्या वेळी छापणाऱ्याच्या हातात नव्याने सुरू होतो. गोयाने स्वतः काढलेले ठसे देखणे आहेत, पण ते निवांत करत नाहीत. सगळ्या देखणेपणाला एकाच मापाने मोजता येत नाही.

१८६३ हे साल आणखी एका कारणाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षीच्या जुलैत अमेरिकेतल्या गेटिसबर्गच्या रणभूमीवर पडलेल्या प्रेतांची छायाचित्रे निघाली. तेव्हापासून हा प्रश्न विचारला जातो की कॅमेरा आल्यावर आम्लात पत्रे बुडवण्याचे प्रयोजन काय. गोयाने एका चित्राला 'हे मी पाहिले' असे नाव दिले, पण बाकीची किती त्याने डोळ्यांनी पाहिली आणि किती ऐकून रचली, हे सांगता येत नाही. साक्षीपुरता पाहिला तर कॅमेरा जिंकतोच. पण कॅमेऱ्याला कुठेतरी उभे राहावेच लागते, आणि त्याच्या भिंगाबरोबर पाहणाऱ्यालाही आपोआप जागा मिळते. मुद्राचित्रकार जमीनच पुसून टाकू शकतो.

हा युक्तिवाद जर्मन चित्रकार ओटो डिक्सपाशी अडखळतो असे कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. पहिल्या महायुद्धात मशीनगन चालवलेल्या डिक्सने १९२४ मध्ये 'युद्ध' ही ५० पत्र्यांची मालिका काढली. दहा-दहा चित्रांचे पाच संच बर्लिनच्या कार्ल निरेनडॉर्फने प्रसिद्ध केले. त्यांत काहीही लपवलेले नाही. अळ्या पडलेली कवटी, उघडी पडलेली आतडी, फाटलेला चेहरा टाके घालून जोडलेला सैनिक, सगळे समोर आहे. त्याच वर्षी एर्न्स्ट फ्रीडरिशच्या 'युद्धाविरुद्ध युद्ध' या पुस्तकात विद्रूप झालेल्या सैनिकांची छायाचित्रे छापली गेली होती. मग डिक्सने वेगळे काय केले? त्याने आम्ल मोकाट सोडले. पत्रा गरजेपेक्षा जास्त खाऊ दिला, रेषांच्या कडा ढासळू दिल्या, अ‍ॅक्वाटिंटचे डाग फोडांसारखे फुटू दिले. त्यामुळे देह कुठे संपतो आणि चिखल कुठे सुरू होतो, हे ओळखता येत नाही. पत्र्याचे कुजणे आणि प्रेताचे कुजणे ही एकच क्रिया होऊन बसते. गोयाने जमीन काढून घेतली, डिक्सने देहाची जमीन केली. दोन्हीकडे पाहणाऱ्याचे पाय सुटतात. तरी माझे मत सांगायचे तर या ५० चित्रांतली सगळी सारख्या तोलाची नाहीत. काहींत किळस दाखवण्याची हौस वरचढ झाली आहे. मालिकेचा कळस मला १२व्या चित्रात दिसतो. विषारी वायूतून पाच सैनिक आपल्याच अंगावर चालून येताहेत आणि वायुमुखवट्यांमुळे त्यांना चेहरे नाहीत. तिथे एकही जखम दिसत नाही.

जर्मन चित्रकार केटे कोलविट्झने तर रणांगणच सोडून दिले. तिचा मुलगा पेटर १८ वर्षांचा होता. त्याला सैन्यात भरती व्हायला पालकांची परवानगी लागत होती, ती तिने त्याच्या वडिलांकडून मिळवून दिली, आणि ऑक्टोबर १९१४ मध्ये फ्लँडर्समध्ये तो मारला गेला. त्यानंतर कित्येक वर्षे ती युद्धावरचे काम करू पाहत होती. एचिंग हे तिचे हुकमी माध्यम होते. शेतकऱ्यांच्या उठावावरच्या आधीच्या मालिकेत तिने अंधाऱ्या रणभूमीवर कंदिलाच्या उजेडात मुलाचे प्रेत चाचपणारी आई काढली होती. पण स्वतःच्या मुलाबाबत ते साधेना. तिने शिलामुद्रणही करून पाहिले. मग १९२० मध्ये एर्न्स्ट बार्लाखचे वुडकट तिच्या पाहण्यात आले आणि ती लाकडाकडे वळली. पुढच्या दोन वर्षांत 'युद्ध' या नावाखाली सात वुडकट तयार झाले. या वळणाचे कारण माझ्या समजुतीने असे आहे. एचिंगमध्ये आपण काळे वाढवत जातो. आणखी एक रेष, आणखी एक छटा, आणखी एक तपशील, आणि प्रत्येक तपशील दुःखाला थोडे समजावून सांगतो. वुडकटमध्ये पूर्ण काळ्यातून सुरुवात होते आणि कोरणी मारू तेवढाच उजेड हाती येतो. स्पष्टीकरणाला तिथे जागा नसते. 'आईबाप' या चित्रात गुडघ्यावर बसलेले दोघे मिळून एकच काळा दगड झाले आहेत. चेहरा एकाचाही दिसत नाही. हे चित्र तिने समाधान न झाल्याने पुन्हा कोरले होते. सातही चित्रांत शत्रू नाही, बंदूक नाही, खंदक नाही. 'स्वेच्छासैनिक' मध्ये मृत्यू नगारा वाजवत पुढे आहे आणि पोरे त्याच्या मागे ओढली जाताहेत. 'बलिदान' मध्ये नग्न आई आपले तान्हे उचलून पुढे धरते आहे. तिने स्वतःला निर्दोष ठरवलेले नाही. 'माता' या चित्रात बायकांनी एकमेकींना मिठ्या मारून भिंत केली आहे, आतून मुलांचे चेहरे डोकावतात, आणि आपण त्या भिंतीच्या बाहेर आहोत. त्या बायका मुलांना ज्याच्यापासून लपवताहेत, ते बाहेरचे जग म्हणजे आपण. कालोने दिलेला उंचवटा इथे पार उलटा झाला.

भारतात हा धागा बंगालच्या १९४३ च्या दुष्काळातून आला. रणभूमी दूर होती, पण युद्धकाळातल्या धोरणांनी माणसे अन्नावाचून मारली. चित्रकार चित्तप्रसादने मेदिनीपूरमध्ये पायी हिंडून शाईत चित्रे काढली. त्याच्या 'हंग्री बेंगॉल' या पुस्तिकेच्या प्रती सरकारने जप्त करून जाळल्या. १९४६ पासून तो मुंबईत राहिला आणि लिनोकटकडे वळला. लिनोलियम स्वस्त, कोरायला सोपे आणि छापायला यंत्रही लागत नाही, म्हणून ते ज्यांना गॅलरी परवडत नाही त्यांच्यापर्यंत जाऊ शकत होते. सोमनाथ होर चितगावचा. जपानी बॉम्बहल्ला आणि दुष्काळ दोन्ही त्याने तरुणपणी पाहिले, आणि त्याची सुरुवातीची वुडकटही चित्तप्रसादच्याच वाटेवरची आहेत. पण १९७१ पासून त्याने 'वूंड्ज' म्हणजे 'जखमा' या मालिकेत जे केले, तशी झेप मला भारतीय ग्राफिक कलेत दुसरी दिसत नाही. मेणाच्या किंवा मातीच्या पत्र्यावर त्याने पात्याने चिरा पाडल्या, भोके पाडली, तापल्या सळईने डाग दिले. त्यावरून सिमेंटचा साचा काढला आणि त्यात कागदाचा लगदा दाबून वाळवला. शाई नाही, बहुतेक ठिकाणी रंगही नाही, माणसाची आकृती तर नाहीच. पांढऱ्या कागदावर पांढरीच चीर. इतकी शतके कागद हा घटनेचा ठसा घेणारा होता. इथे जखम थेट कागदालाच झाली आहे, आणि पाहणारा त्या कातडीपासून बोटभर अंतरावर आला आहे.

हे काम फार अमूर्त आहे, नाव काढून घेतले तर ते शोभेचा पोत वाटेल, असे म्हटले जाते. नावाचा आधार होरला लागतो हे खरे, पण गोयालाही चित्रांखालचे शब्द लागलेच होते. पोताची भीती मात्र खरी आहे आणि ती आजच्या आपल्या ग्राफिक प्रदर्शनांत वारंवार खरी ठरते. अ‍ॅक्वाटिंटची छटा, खोल खाल्लेली रेषा, कागदाचा उठाव हे सगळे शिकवता येते, आणि सफाईने शिकवले जाते. पण त्या खरबरीतपणाने पाहणाऱ्याला कुठे उभे केले, हा प्रश्न सुटून जातो, आणि मग जखमेसारखी दिसणारी नुसती नक्षी उरते. होरचा कागद समोरून उजेड टाकून लावला तर तो जवळजवळ कोरा दिसतो. बाजूने प्रकाश पडला की चिरा उठून येतात. तो टांगणाऱ्याला हे माहीत असावे लागते, आणि पाहणाऱ्याला जागा बदलत राहावी लागते.

आता युद्ध आपल्यासमोर येते ते वरून. विमानातून, उपग्रहातून, ड्रोनमधून. कालोचा उंचवटा हजारो फूट वर गेला आहे, आणि ही जागा आता मारणाऱ्याचीही आहे. अलीगढला १९३७ मध्ये जन्मलेल्या झरिना हाश्मी यांनी हीच जागा घेतली. २००३ मधल्या त्यांच्या नऊ वुडकटच्या संचात ग्रोझनी, सारायेवो, स्रेब्रेनित्सा, बैरुत, जेनिन, बगदाद, काबूल, अहमदाबाद आणि न्यूयॉर्क ही शहरे आहेत. बहुतेक शहरे नकाशासारखी, वरून पाहिलेली आहेत. त्यांत माणूस नाही, घर नाही, प्रेत नाही. पहिल्या नजरेला ही माघार वाटते. गोयाने मोडलेले अंतर त्यांनी पुन्हा आणले, असेही वाटते. पण नकाशा आणि त्यांचा नकाशा यांत कोरणीचा फरक आहे. २००१ च्या 'डिव्हायडिंग लाइन' मध्ये भारत आणि पाकिस्तान यांच्यामधली सीमा तेवढी आहे, एक जाड, काळी, अडखळत खाली जाणारी रेषा. फाळणीनंतर त्यांच्या घरचेही पुढे त्या रेषेपलीकडे गेले. रेषेच्या दोन्ही बाजूंची मोकळी जागा मात्र स्वच्छ नाही. तिथे जागोजागी काळे तुटक ओरखडे राहून गेले आहेत. १९४७ मध्ये फाळणीची सीमा ठरवणाऱ्या रॅडक्लिफने आखलेल्या नकाशावर हे ओरखडे नव्हते.